नऊ नंबर हातचा खातं

...आणि वर मलाच म्हणतात, हातमोजे घाला! मला! ज्या माणसानं बत्तीस वर्षं, तुम्हाला सांगतो, बत्तीस वर्षं रोज साडेदहा ते साडेपाच त्या मशीनचं हँडल फिरवलं, ज्याच्या तळहाताला अजून त्या हँडलचा घट्टा आहे, त्याला तो दातांचा डॉक्टर पांढरेशुभ्र हातमोजे पुढे करतो आणि म्हणतो, जपून हं, जुनी वस्तू आहे. अहो, त्या खोलीत सगळ्यात जुनी वस्तू मी होतो! माझ्या पाठीला हात लावताना कुणी हातमोजे घातल्याचं मला आठवत नाही.

बत्तीस म्हटलं ना मी? आमची ही इथे असती तर लगेच म्हणाली असती, एकतीस. तिची सवयच आहे ती. मी काहीही सांगायला लागलो, की स्वयंपाकघरातून एक कमी करून येतं. मी म्हणतो, लग्नाला तीनशे माणूस होतं. आतून आवाज, दोनशे नव्व्याण्णव. म्हणजे कोण आलं नव्हतं ते तरी सांग! पण नाही. असो.

तर मशीन. तुमच्यापैकी कुणी बघितलंय का हो ते मशीन? नाही बघितलं. तुम्ही फोनवर बोटं आपटणारी माणसं. आमची मुलगी मला दाखवते, बाबा, हे बघा, एका सेकंदात उत्तर. मी म्हणतो, बाळ, एका सेकंदात उत्तर आलं तर उरलेला दिवस माणसानं ऑफिसात करायचं काय?

शिवणयंत्राचा एक बुटका, काळा, जाडजूड धाकटा भाऊ डोळ्यांसमोर आणा. अंगावर आकड्यांच्या खाचा, प्रत्येक खाचेत एक खुंटी, उजव्या बाजूला हँडल आणि खाली खिडक्यांची रांग, तिच्यात उत्तर. खुंट्या लावायच्या, हँडल पुढे फिरवलं की बेरीज, मागे फिरवलं की वजाबाकी. आणि वजा करता करता तुम्ही शून्याच्या खाली गेलात, की टिंग! घंटा. मला सांगा, माणूस आपली पायरी सोडतोय हे घंटा वाजवून सांगणारं दुसरं यंत्र आहे का या जगात? असतं तर आमचे दोन-तीन साहेब दिवसभर वाजत राहिले असते.

आणि गुणाकार म्हणजे अंगमेहनत. तीनशे सत्तेचाळीस गुणिले दोनशे शहाऐंशी करायचे, तर आधी सहा फेरे, मग खालचा गाडा एक घर सरकवा, आठ फेरे, परत सरकवा, दोन फेरे. सोळा फेरे झाले की उत्तर. असे दिवसाला शंभर गुणाकार. आमच्या शिंप्याला विचारा, माझ्या शर्टाची उजवी बाही तो अजून वेगळ्या मापाची कापतो. पहिल्यांदा माप घेताना त्यानं विचारलं होतं, साहेब, कुस्ती एकाच हातानं खेळता का?

मी होतो मोजणी खात्यात, गणन शाखेत. बाहेर माणसं साखळ्या टाकून जमीन मोजायची, आकड्यांच्या वह्या आमच्याकडे यायच्या आणि आम्ही त्यावरून क्षेत्रफळं काढायचो. लांबलचक हॉल, टेबलांच्या दोन रांगा, बारा मशीनं, शेवटी हेडक्लार्क. एका रांगेनं हिशोब करायचा, समोरच्या रांगेनं तोच हिशोब आपल्या मशीनवर पुन्हा करून तपासायचा. जुळला तर हिरव्या पेन्सिलीची बरोबरची खूण. नाही जुळला तर लाल गोल, शीट परत आणि हेडक्लार्कच्या वहीत तुमच्या नावापुढे एक फुली. पहिल्या वर्षात पाच फुल्या झाल्या की दुसरीकडे नोकरी शोधायची.

आता ऐका, छाती फुगवून सांगतो. अख्ख्या नोकरीत माझं एकही शीट परत आलं नाही. एकही नाही! निवृत्तीच्या दिवशी साहेब भाषणात हेच म्हणाले. बाकी भाषणात माझं नाव दोनदा चुकवलं त्यांनी, पण हे बरोबर सांगितलं. आणि लक्षात घ्या, मी ते नऊ नंबरच्या मशीनवर करून दाखवलं. कारण नऊ नंबर हातचा खातं.

म्हणजे असं. माझ्या आधी नऊ नंबरवर एक म्हातारे क्लार्क बसायचे. दोन्ही कानांवर पेन्सिली, म्हणून सगळे त्यांना पेन्सिलबुवा म्हणायचे. निवृत्त होताना त्यांनी मला खुर्चीत बसवलं, दार बंद करून... हॉलला दारच नव्हतं, पण दार बंद केल्यासारखा चेहरा करून म्हणाले, “हे बघ, सगळी मशीनं शहाणी आहेत, पण नऊ नंबर हातचा खातं. सहाव्या घरातून सातव्या घरात हातचा जायला लागला की मध्येच गिळतं. खट्ट असा आवाज येतो. तो आवाज आला की समजायचं, गिळला. लिहिताना सातव्या घरात आपण एक वाढवायचा. बघत बसायचं नाही. ऐकायचं.”

ऐकायचं! काय विद्या होती हो ती! दुसरे लोक खिडकीत डोळे घालून बसायचे, मी मान वर करून, समोर बघत हँडल फिरवायचो. दिवसातून दोन-तीनदा खट्ट व्हायचं, मी एक वाढवायचो, पुढे. नवीन माणसं बघायला यायची. मी म्हणायचो, तुमचं काम नाही ते, नऊ नंबर हातचा खातं. एखाद्या घोडेस्वारानं आपल्या अवखळ घोड्याबद्दल सांगावं ना, तसं.

समोर बघत म्हणालो ना? तर समोर कोण होतं? समोरच्या रांगेत, चार नंबरच्या मशीनवर, माझी शीटं तपासायला जी मुलगी होती, ती आमची ही. रोज माझ्या शीटवर तिची हिरवी खूण. असं दोन वर्षं चाललं आणि मग आम्ही लग्न केलं. नातेवाईक म्हणाले, पत्रिका? मी म्हटलं, सातशे शीटं तपासून झालीत, एकात चूक नाही, आणखी काय बघायचं?

मग कॉम्प्युटर आले. एका शनिवारी आमची बारा मशीनं उचलून एका भंगारवाल्याच्या टेम्पोत टाकली. वजनावर! कॉम्प्युटरचं खोकं आलं त्याला ‘नाजूक’ अशी चिठ्ठी, आणि मशीनं मात्र वरून खाली फेकली. घंटा वाजल्या हो त्यांच्या, एकेकीची... जाऊ द्या.

निवृत्तीनंतर वर्षभरानं मी खिळे आणायला गेलो, तर दुकानदारानं दार वाऱ्यानं आपटू नये म्हणून खाली काय ठेवलं होतं? तसलं मशीन! दाराला टेकण! मी ते उचललं, त्याला बदली एक वीट आणून दिली आणि घरी आलो. ही म्हणाली, खिळे कुठायत? तर तिथून सुरुवात झाली आणि आजमितीला माझ्या घरात अठरा मशीनं आहेत. पलंगाखाली, शोकेसमध्ये, हिच्या कपाटात, माळ्यावर. एक वॉशिंग मशीनवर आहे. कपडे पिळले जायला लागले की त्याची घंटा वाजते आणि शेजारच्या काकू दार उघडून बघतात कोण आलं. पाहुणा आला की ही सांगते, बसा ना, त्या खुर्चीवरचं यांचं माहेर जरा बाजूला ठेवा.

आणि मग तुम्हाला कळतं की आपल्यासारखे अजून आहेत. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी दातांच्या डॉक्टरांकडे आमची बैठक असते. आता नीट ऐका, या लोकांपैकी एकानंही आयुष्यात मशीनवर गुणाकार केलेला नाही. एक गृहस्थ तर फक्त मशीनचे डबे जमवतात. रिकामे! मशीन मिळालं तर काढून दुसऱ्याला देतात, डबा ठेवतात. त्यांना आम्ही डबेवाले म्हणतो आणि त्यांना ते आवडतं. आणि नियम काय, तर हँडल फिरवायचं नाही, झिजतं म्हणे. म्हणजे गवई बोलवायचा आणि त्याचा गळा झिजू नये म्हणून काचेच्या कपाटात उभा करायचा!

डॉक्टरांचं कपाट बघाल तर आत दिवे, काच, मखमल. मशीनं ओळीनं, कवळीसारखी. एकेका खिडकीत ते दातांचा छोटा आरसा घालून बघतात. आणि वर्षातून एकदा, तेल घालण्यापुरतं, प्रत्येक मशीनचं हँडल थोडं फिरवतात. मागच्या महिन्यात त्यांचा तो तेलाचा रविवार होता. मी चहा पीत बसलो होतो, चौथा कप. ही असती तर म्हणाली असती, तिसरा. डॉक्टर एकेक मशीन फिरवत होते, आणि मागून आवाज आला... खट्ट!

कप ठेवला मी. वळून न बघता म्हणालो, नऊ नंबर.

डॉक्टर म्हणाले, काय? मी म्हटलं, हे माझं मशीन आहे. ते म्हणाले, असं कसं, मी हे भंगारातून घेतलं, रंग देऊन घेतला, नवं करून घेतलं. आणि खरंच, चकचकीत केलं होतं हो त्याला! बाजूला पांढऱ्या रंगात नऊ लिहिलेला होता, तो घालवलेला. हेडक्लार्कनं एकदा पेपरवेट फेकून मारला होता (मला नाही, पण लागला मशीनला), तो पोचा भरून काढलेला. ओळख सांगायला अंगावर एक खूण ठेवली नव्हती त्यांनी.

तुम्हाला वाटेल, एक मशीन कमी काय न् जास्त काय. अहो, पण बाकीची मशीनं मी जमवलेली आहेत. यानं मला जमवलं होतं! मला झोप लागेना. चार रविवार त्यांच्या मागे लागलो, तेव्हा डॉक्टर म्हणाले, ठीक आहे, तुमचं आहे हे सिद्ध करा आणि घेऊन जा, दुसऱ्याचं हत्यार मी कपाटात ठेवत नाही. पण सिद्ध झालं नाही, तर तुमचं ते पितळी हँडलचं मशीन माझं. पितळी हँडलचं! माझ्याकडचा सगळ्यात सुंदर नग! मी म्हटलं, कबूल. सिद्ध काय करायचंय, नऊ नंबर हातचा खातं. बाकी कुठलंही खात नाही.

त्या रविवारी ही पण आली बरोबर. मला सोबत म्हणून नव्हे हो, आणखी एक मशीन घरात येतंय की काय यावर पाळत ठेवायला. पितळी मशीन मांडीवर घेऊन कोपऱ्यात बसली, आणि मला वाटतं, ते जातंय म्हणून जरा खुशीतच होती.

मी हातमोजे काढून ठेवले. सगळे भोवती. मी समजावून सांगितलं, हे बघा, खिडकीत आता सहा नव्वे आणतो. आणले. आता खुंटी लावली एकाची. एक मिळवला की सगळे नव्वे पडून शून्य होणार आणि सातव्या घरात एक यायला पाहिजे. पण येणार नाही. खट्ट होईल आणि नुसती शून्यं राहतील. कारण? डबेवाले मागून म्हणाले, हातचा खातं. पाठ झालं होतं सगळ्यांना.

मी मान वर केली, जुन्या सवयीनं समोर बघितलं आणि हँडल फिरवलं.

खट्ट!

काय सुरेख आवाज! मी म्हटलं, घ्या, गिळला.

डॉक्टरांनी आरसा घातला खिडकीत. बघितलं. पुन्हा बघितलं. म्हणाले, “एक दिसतोय.”

मी म्हटलं, कुठे? म्हणाले, “सातव्या घरात. एक, आणि पुढे सहा शून्यं. मशीन ठणठणीत आहे.”

मी परत केलं. खट्ट. एक. तिसऱ्यांदा केलं. आयुष्यात पहिल्यांदा आवाज ऐकत असताना खिडकीकडे बघितलं, आणि तुम्हाला सांगतो, डोळ्यांदेखत, खट्ट झालं आणि सातव्या घरात तो एक, टुणकन, येऊन बसला. डबेवाले हळूच म्हणाले, डबा असता तर ओळख पटली असती. डॉक्टर सज्जन माणूस, त्यांनी नुसतं पितळी मशीनकडे बघितलं. मीच म्हणालो, ठरल्याप्रमाणे घ्या. आवाजाला फसलो. माझं नव्हे हे.

आणि कोपऱ्यातून ही म्हणाली, “यांचंच आहे.”

सगळे वळले. ही उठली, पितळी मशीन खुर्चीवर ठेवलं आणि म्हणाली, “तळाची पट्टी काढा. आत तारीख कोरलेली असेल आणि खाली नऊचा आकडा. मेकॅनिकनं कोरला तेव्हा टॉर्च मी धरला होता.”

कसली तारीख, कसला मेकॅनिक, मला काही कळेना. डॉक्टरांनी दातांच्या कामाचा एक बारीक पेचकस आणला, चार स्क्रू काढले, पट्टी उलटी केली. तारीख. खाली नऊ. आणि ती तारीख, मंडळी, मी नोकरीला लागल्यानंतरच्या दुसऱ्या महिन्यातली.

डबेवाल्यांनी टाळ्या वाजवल्या. डॉक्टरांनी शब्द पाळला, मशीन स्वतः मखमलीत गुंडाळून दिलं. म्हणाले, अभिनंदन. मी आभार मानले, पण माझ्या डोक्यात तो दुसरा महिना फिरत होता, हँडलसारखा.

टॅक्सीत बसलो. एक मशीन माझ्या मांडीवर, एक हिच्या. मी म्हटलं, “मेकॅनिक कधी आला होता?”

“तुम्ही आठ दिवस रजेवर होतात ना तेव्हा. त्यानं आतला दांडा बदलला. तुम्हाला सांगा म्हणून मला सांगून गेला.”

“आणि तो खट्ट आवाज?”

“नवा दांडा हातचा देताना करतो तो. गिळतानाचा नव्हे.”

मी म्हटलं, थांब, थांब. म्हणजे मशीन बरोबर देत होतं, आणि वर मी एक वाढवत होतो? म्हणजे दिवसातून दोन-तीन आकडे... इतकी वर्षं... अगं, मग माझं शीट परत कसं आलं नाही?

ही खिडकीबाहेर बघत म्हणाली, “मी खोडायचे. तुमचा एक काढायचा आणि खरा आकडा घालायचा. तुमचा सात मला तुमच्यापेक्षा चांगला काढता येतो.”

ऐका! ऐकलंत? मी म्हटलं, सांगायचं नाहीस? म्हणाली, “सांगणारच होते. तुम्ही रजेवरून आलात त्या दिवशी सकाळीच पूर्ण रांगेला ऐकवत होता, नऊ नंबर कसं हातचा खातं, ऐकायचं कसं. इतके खुशीत होतात. म्हटलं, उद्या सांगू. त्या दिवशीचं शीट परत केलं असतं तर पहिल्याच महिन्यांत तुमची फुली. म्हणून एकदा खोडलं. आणि खोडलं तशी मीच अडकले. तपासनिसानं दुसऱ्याचा आकडा खोडायचा म्हणजे तुमच्या आधी माझी नोकरी.”

“बरं, लग्नानंतर?”

“लग्नानंतर तुम्ही ऐकत कुठे होतात? तुमचे कान मशीनला दिलेले.”

टॅक्सीवाला हसला हो! ओळख ना पाळख, आरशात बघून हसला.

मी म्हटलं, तिथे गप्प बसली असतीस, तर पितळी मशीन गेलं असतं, हेही आलं नसतं, घरात एक कमी झालं असतं. वर्षानुवर्षं तुला हेच तर पाहिजे होतं. मग बोललीस का?

म्हणाली, “तुम्ही म्हणालात ना, माझं नव्हे हे. तुमची चूक मी खोडायची आणि खरं ते लिहायचं, एवढंच येतं मला.”

मला साहेबांचं भाषण आठवलं, भिंतीवरचं घड्याळ आठवलं, जे त्या निरोपाच्या दिवशी मला दिलं आणि खरं म्हणजे... त्या घड्याळाला चावी तीच देते म्हणा. तेवढं तरी बरोबर माणसाच्या हातात आहे.

घरी आलो. नऊ नंबर जेवणाच्या टेबलावर ठेवलं. ही म्हणाली, आता एकूण झाली किती, ते एकदा कळू द्या. मी म्हटलं, अठरा. सगळ्यांना अठराच सांगतो मी. ती म्हणाली, “मी बोलते, तुम्ही फिरवा.” आणि खरंच, इतक्या वर्षांनी, मी नऊ नंबरवर बसलो, आणि ती घरभर फिरत आकडे देऊ लागली. पलंगाखाली चार. चार फेरे. शोकेसमध्ये पाच, पितळी धरून. पाच फेरे. माझ्या कपाटात तीन. माळ्यावर दोन. वॉशिंग मशीनवर एक. खुर्चीवरचं माहेर एक. आणि तुमच्यासमोर हे एक.

झालं? झालं.

मी मान वर करून बसलो होतो. ती समोर येऊन बसली आणि म्हणाली, ऐकू नका, बघा.

बघितलं. सतरा.

पुन्हा बघितलं, चष्मा पुसून. सतराच. म्हणजे मघाशी मी तुम्हाला अठरा म्हणालो ना, ते तेवढं खोडून टाका. बत्तीसही खोडा. लग्नाला कोण आलं नव्हतं, ते मात्र अजून कळलेलं नाही.

आणि मशीनकडे बोट दाखवायची सोयही राहिली नाही हो आता. नऊ नंबर हातचा खात नाही.